पारा, कागदी होडी आणि रिकाम्या खुर्च्या

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या खेपेचे बहुतेक प्रश्न एकाच कवितेभोवती फिरतात: इंग्रज कवी शेलीचे ‘लेटर टु मारिया गिस्बोर्न’. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. १८२०च्या जूनमध्ये शेली पती-पत्नी इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात, गिस्बोर्न कुटुंबाच्या घरी राहायला गेले. घरची मंडळी तेव्हा लंडनला होती. मारियाबाईंचा पहिल्या लग्नाचा मुलगा हेन्री रेव्हली हा इंजिनिअर. त्याचा आगबोटीचे इंजिन बांधायचा उद्योग चालला होता आणि त्यात शेलीचेही पैसे गुंतले होते. हेन्रीच्या कामाच्या खोलीत बसून शेलीने मारियाबाईंना यमकात पत्र लिहिले. तारीख १ जुलै १८२०, ओळी सव्वातीनशेच्या आसपास. छापून आले ते त्याच्या मृत्यूनंतर, १८२४ साली, त्याच्या पत्नीने, मेरी शेलीने काढलेल्या संग्रहात.

प्रश्न: हे पत्र आहे की कविता? पत्र असेल तर यमक कशाला, आणि कविता असेल तर फुटक्या कपाचे नि धूळ खाणाऱ्या रंगपेटीचे तिथे काय काम?

दोन्ही आहे, आणि दोन्ही असण्यातच त्याची गंमत आहे. पद्यपत्र हा युरोपातला जुना प्रकार. रोमन कवी होरेसने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात मित्रांना पद्यात पत्रे लिहिली. इंग्रजीत अलेक्झांडर पोपचे डॉ. आर्बथनॉट यांना लिहिलेले पद्यपत्र १७३५चे. या प्रकाराचे काही संकेत ठरून गेले आहेत. समोर नाव-गाव असलेला माणूस हवा. सूर बोलण्याचा हवा. विषयावरून विषयावर भटकायची मुभा असते. टीकाकारांना चार टोले हाणायची जागा असते, आणि शेवटी बरेचदा ‘या आमच्याकडे’ असे आमंत्रण असते. होरेसच्या एका पत्रात तर सरळ जेवणाचेच बोलावणे आहे. शेलीच्या पत्राच्या शेवटी चहा, टोस्ट, कस्टर्ड, जेली यांची यादी येते ती या परंपरेतली. ‘विषयांतर’ म्हणून ती कापू नका.

आता कप. चिनी मातीचा तो कप ‘जो होता तसा पुन्हा कधी होणार नाही’ असे शेली म्हणतो आणि लगेच सांगतो की त्यातून कुणाचे तरी गोड ओठ चहा प्यायचे. पण हे घर कुणाचे? मारियाबाईंचे. शेली त्यांना त्यांच्याच घरातल्या वस्तूंची खबर देतो आहे. परक्या वाचकाला ते खोलीचे वर्णन वाटते, त्यांना मात्र ती घरची बातमी आहे. प्रत्येक तपशिलापाशी एक प्रश्न विचारायचा: हे मारियाबाईंना आधीच ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर शेली थट्टा करतो आहे किंवा आठवण काढतो आहे, नसेल तर बातमी देतो आहे. या कवितेच्या अर्ध्या अडचणी एवढ्याने सुटतात.

प्रश्न: ‘हिरोइक कप्लेट’ असे लिहिले की गुण मिळतात, पण ते या कवितेत नक्की कसे दाखवायचे?

हिरोइक कप्लेट म्हणजे पाच आघातांच्या दोन ओळींची यमकाने बांधलेली जोडी. नुसते नाव लिहून काही सिद्ध होत नाही. वहीत सुरुवातीच्या १४ ओळी उतरवून घ्या आणि तीन खुणा करा.

पहिली खूण आघातांची. ओळीत १० अवयव (सिलॅबल) आणि ५ आघात, असा हिशेब आहे. आपल्या अक्षरगणवृत्तांची सवय असलेले विद्यार्थी इथे लघु-गुरू मांडू लागतात आणि फसतात. इंग्रजीत स्वर लांब की आखूड हे मोजत नाहीत, शब्दाच्या कोणत्या अवयवावर जोर पडतो ते पाहतात. पहिली ओळ मोठ्याने म्हणा: ‘द स्पायडर स्प्रेड्ज हर वेब्ज, वेदर शी बी’. जोर पडतो तो स्पाय, स्प्रेड्ज, वेब्ज, वे आणि बी यांवर, म्हणजे २, ४, ६, ७ आणि १० या जागी. नियमाने चौथा जोर आठव्या जागी हवा होता. स्वल्पविरामानंतर तो एक जागा आधी आला, म्हणून ओळ गद्यासारखी झटकन वळते. दुसऱ्या ओळीत ‘टॉवर’ हा एकच अवयव धरायचा. दोन धरले तर ११ होतात आणि ‘शेली चुकला’ असा शेरा वहीत पडतो.

दुसरी खूण यमकांची. बी–ट्री, लीव्ह्ज–वीव्ह्ज, वर्म–फॉर्म, थॉट–रॉट, डे–अवे, नेम–फेम, मी–इमॉर्टॅलिटी. सात जोड्या झाल्या. वर्म–फॉर्म ही जोडी डोळ्यांना जुळते, कानाला नाही. पुढे वाचाल तर जोड्यांऐवजी तीन-तीन ओळींचे यमक भेटेल: जिन–विन–देअरिन, क्विक–डॉमिनिक–हेरेटिक, अंडरस्टुड–वुड–ब्रूड. खोलीतल्या वस्तूंची यादी दोन ओळींत मावत नाही तेव्हा यमकही सांडते, असे ऐकताना वाटते. ‘सगळी कविता दोन-दोन ओळींच्या यमकात’ असे म्हणूनच लिहू नये.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची: वाक्य कुठे संपते? पोपच्या जोडीत बहुधा दुसऱ्या ओळीच्या अखेरीस वाक्याला कुलूप लागते. शेलीच्या या १४ ओळी मिळून एकच वाक्य आहे. यमक दर दोन ओळींनी वाजते, पण वाक्य त्याला न जुमानता पुढे जाते. टोकाचे उदाहरण पुढे आहे. ‘मॅथमॅटिकल’ या विशेषणाशी ओळ संपते आणि त्याचे नाम ‘इन्स्ट्रुमेंट्स’ पुढच्या ओळीत जाते. मराठीत ‘गणिताची’ म्हणून थांबायचे आणि ‘उपकरणे’ पुढच्या ओळीत टाकायची, तसे हे. म्हणताना ओळीच्या शेवटी थांबलात तर पाठांतर ऐकू येते, न थांबता वाचलेत तर माणूस बोलतो आहे असे ऐकू येते आणि यमक मागे हळूच वाजत राहते.

जिथे यमक मुद्दाम ठळक वाजवले आहे तिथे टोमणा असतो हेही पाहून ठेवा. ‘सॅल्व्हेशन–डॅम्नेशन’ ही जोडी धर्माच्या नावाने छळ करणाऱ्यांसाठी राखलेली आहे.

प्रश्न: कवी स्वतःला कोळी म्हणतो की रेशमाचा किडा? दोन्ही उपमा एकदम कशा चालतील?

बहुतेक टिपणांत ‘कवीने स्वतःची तुलना कोळी व रेशीमकिडा यांच्याशी केली आहे’ असे वाक्य असते. ते अर्धेच खरे आहे, आणि राहिलेल्या अर्ध्यातच या ओळींचे सगळे बळ आहे.

आधी कोळी. कवीचा मनोरा असो, तळघर असो, धान्याचे कोठार असो वा झाड, कोळी जाळे विणतोच. म्हणजे कोळ्याकडून शेलीने उचलले ते एवढेच: जागा कोणतीही असो, काम चालू राहते. दुसऱ्याच्या घरात, यंत्रांच्या पसाऱ्यात बसून लिहिणाऱ्याला ही उपमा नेमकी बसते. मग रेशीमकिडा. तुतीच्या गर्द पानांत तो जे विणतो ते त्याचे कफनही आणि पाळणाही. आणि मग ‘मी, ज्याला नीतीचे रखवालदार किडा म्हणतात’. इथे शिवी उचलून अंगरखा केला आहे. तुम्ही किडा म्हणता ना? बरे, रेशमाचा किडा.

त्यानंतर शेली दोन विणकामांत निवड करतो. ‘दिवसभर गुणगुणणाऱ्या रिकामटेकड्या माशा पकडायला भडक रंगांचे शब्दांचे जाळे’ त्याला विणायचे नाही. म्हणजे कोळी बाद. त्याला हवा आहे मऊ कोश. उपमा दोन होत्या, त्यातली एक डोळ्यांदेखत नाकारली गेली. ही हालचाल टिपणात यायलाच हवी.

पुढचे पाऊल अजून नाजूक आहे. कोशातून पंख फुटून बाहेर काय येते? कवी नव्हे. स्मृती पंख चढवते ते त्याच्या ‘नावाला’. आणि त्या नावाला खाऊ घालायची ती कीर्तीची अ‍ॅस्फोडेल फुले. होमरच्या ‘ओडिसी’त मृतांचे आत्मे ज्या कुरणावर फिरतात तिथली ही फुले. पण शेलीची फुले पाताळात उगवत नाहीत. ‘जी हृदये माझी आठवण ठेवतीलच’ त्यांत उगवतात. अमरत्व ग्रंथालयातून उचलून मैत्रिणीच्या मनात आणून ठेवले. पत्राचा मायना संपला, आणि तो एका व्यक्तीलाच लिहिता येतो असा मायना आहे.

एक खोच. रेशमाचा पतंग कोशातून निघाल्यावर काही खात नाही, त्याचे तोंड त्या कामाचे राहिलेलेच नसते. माणसाने पाळलेल्या जातीला तर उडताही येत नाही. म्हणजे पंख आणि खाणे या दोन्ही गोष्टी निसर्गाबाहेरच्या आहेत. रेशीमकिडा मधेच केव्हा तरी फुलपाखरू झाला आहे. ग्रीक भाषेत ‘सायकी’ या एकाच शब्दाचा अर्थ आत्माही होतो आणि फुलपाखरूही. शेलीचे ग्रीक चांगले होते. प्रतिमा जिथे विज्ञानाला सोडून जाते तिथे ती दुसऱ्या कुठल्या तरी अर्थाकडे निघालेली असते, म्हणून अशा जागी पेन्सिलने खूण करावी.

प्रश्न: पाऱ्याच्या वाडग्याचा उतारा समजला नाही. भुते, भूकंप, चंद्र आणि मग एकदम कागदी होडी?

वस्तू खरी काय आहे तिथून सुरुवात करा. हेन्रीच्या टेबलावर अक्रोडाच्या लाकडाचा वाडगा आहे. त्यात वाइन नाही, पारा आहे. यानंतर शेली तीन वेळा दृष्टी बदलतो.

पहिल्यांदा खाली, जमिनीच्या पोटात. पारा म्हणजे खाणीत राबणाऱ्या भूतांचे, ‘नोम’ नावाच्या बुटक्या भूमीपिशाचांचे पेय. ती भूकंपाच्या राक्षसांच्या नावाने पेला उंचावतात, राक्षस लाव्हाने उत्तर देतात, वरची शहरे कोसळतात आणि सगळे पोट धरधरून हसतात. सूर हलका आहे, पण मेलेली माणसे भेगांतून खाली पडतात तीही याच ओळींत.

दुसऱ्यांदा वर, आकाशाकडे. ‘हा पारा कुठल्या भुताने प्यायलेला नाही’ असे म्हणून शेली वाडग्याकडे परत येतो आणि त्याचा रंग सांगतो: टस्कनीच्या समुद्रावर चंद्राचा पांढरा जाळ पाऊस होऊन पडतो तेव्हा पाण्यावर उजेडाचा जो माग उमटतो, तसा. सगळ्या कवितेतली ही सर्वांत शांत जागा.

तिसऱ्यांदा हातातल्या खेळाकडे. ‘मोठेपण येऊनही न सरलेल्या बालपणाला’ शरण जाऊन त्याने पाऱ्यावर कागदी होडीची ‘ओबडधोबड कल्पना’ तरंगत सोडली आहे. त्याला लागून येतो एक पोकळ, दातेरी स्क्रू. हेन्रीला तो काय आहे हे कळेल आणि तो हसेल, असे शेली म्हणतो. होडी म्हणजेच स्क्रू, की स्क्रू ही यादीतली पुढची वस्तू? विरामचिन्हे कशी वाचाल त्यावर ते ठरते आणि दोन्ही वाचने चालतात. स्क्रू तरंगला तर नवल नाही. पाऱ्याची घनता पाण्याच्या सुमारे १३.६ पट, लोखंडाची ८ पटींच्याही आत. पाऱ्यावर भरीव लोखंडसुद्धा तरंगते.

होडी ‘एकदम’ येते असे वाटते ते यासाठी की आपण आगबोट विसरलेलो असतो. ज्या खोलीत समुद्र ओलांडणारे इंजिन घडवायचे आहे त्याच खोलीत शेली पाऱ्यावर खेळण्यातली होडी सोडतो. हेन्री लोखंडात करतो ते आपण कागदावर करतो, असे तो स्वतःवरच हसत सांगतो. पुढे थोड्याच ओळींत ‘मनाची आपोआप फिरणारी वाफेची चाके’ येतात आणि ती पंप मारून पाद्र्यांच्या तोंडून शिव्या काढतात. ते रूपक या टेबलावरूनच उचललेले आहे.

प्रश्न: कवितेत इतके संदर्भ आहेत की तळटीपा कवितेहून लांब होतात. सगळे पाठ करायचे का? आणि संदर्भ खरा की आपल्या मनाचा, हे कसे ओळखायचे?

सगळे पाठ करू नका. निवडक चार-पाच घ्या, पण प्रत्येकाला ‘शेलीने त्याचे काय केले’ हा प्रश्न विचारा. ‘टूबल केन हा बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातला धातुकाम करणारा पूर्वज’ ही माहिती झाली. हेन्रीच्या लाकडी साच्यांनी खुद्द त्या आद्य लोहाराचाही गोंधळ उडेल, हा त्याचा उपयोग झाला. पहिल्याला ज्ञानकोश पुरतो, दुसऱ्यासाठी कविता वाचावी लागते.

खरे-खोटे तपासायला तीन चाळण्या पुरतात. नाव उघड घेतले आहे का? नसेल तर शब्दांची जोडणी जशीच्या तशी दुसरीकडे सापडते का? आणि संदर्भ काढून टाकला तर ओळीचा अर्थ घटतो का? ‘डेव्हिलिश एंजिनरी’ घ्या. ‘सैतानी यंत्रसामग्री’ असा साधा अर्थ लागतो खरा, पण हेच दोन शब्द मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्याच्या सहाव्या सर्गात सैतानाच्या तोफांसाठी आले आहेत. त्याच्या आधीच्याच ओळीत शेलीने स्वतःला ‘आर्किमेज’ म्हटले आहे, म्हणजे स्पेन्सरच्या ‘फेअरी क्वीन’मधला कपटी जादूगार. समीक्षक आणि धर्मगुरू त्याला सैतान ठरवत होते. तो म्हणतो, बरे, हा घ्या सैतान, तोफखान्यासकट. मिल्टनचे नाव नसले तरी उरलेल्या दोन्ही चाळण्यांतून हा संदर्भ निघतो. उलट सुरुवातीचा कोळी पाहून काहींना स्विफ्टच्या ‘बॅटल ऑफ द बुक्स’मधला कोळी आठवतो. कोळी दोन्हीकडे आहे, पण शब्दांची जोडणी सारखी नाही. ‘आठवण होते’ एवढेच लिहावे, ‘संदर्भ आहे’ असे ठोकून देऊ नये.

सर्वांत चांगला नमुना म्हणजे स्पेनची साखळी. भिंतीवरची यंत्रे पाहून शेलीला छळाची हत्यारे आठवतात. आधी देवांचा लोहार व्हल्कन यानेही देवराज जोव्हसाठी कधी घडवली नाहीत अशी, इक्सायन आणि टायटन यांना अडकवायची. टायटन म्हणजे प्रॉमिथिअस, पण ते नाव घ्यायची गरज शेलीला वाटत नाही, कारण त्याचे ‘प्रॉमिथिअस अनबाउंड’ हे काव्यनाट्य त्याच वर्षी छापले जात होते. मग संत डॉमिनिक आणि धर्मछळ. (इथे डॉमिनिकवर जरा अन्याय आहे. तो १२२१मध्ये वारला, रोमच्या धर्मगुरूंची, पोपची, इन्क्विझिशन म्हणजे पाखंड्यांवर खटले चालवणारी न्यायसंस्था १२३०च्या दशकातली. डॉमिनिकन पंथाचा संबंध मात्र खरा.) मग १५८८चे स्पॅनिश आरमार, जे शेक्सपिअर, सिडनी, स्पेन्सर यांना नरकाची चव दाखवायला निघाले होते. सिडनी १५८६तच लढाईत गेला होता, पण शेली तारखा मोजत बसलेला नाही. तीन कवी म्हणजेच देश, असे त्याला म्हणायचे आहे. आणि मग वाक्य वळते: तोच स्पेन आता स्वातंत्र्याच्या चुलीवर आपला दिवा पुन्हा पेटवतो आहे. १८२०च्या जानेवारीत तिथे उठाव झाला आणि मार्चमध्ये राजाला १८१२ची राज्यघटना मान्य करावी लागली. पत्र जुलैचे आहे. बातमी ताजी होती.

ही साखळी कवितेच्या मध्यावर पुन्हा वर येते, आणि तेव्हा कळते की ती मारियाबाईंसाठीच ठेवली होती. शेलीने त्यांच्याजवळ स्पॅनिश शिकून काल्देरोनची नाटके वाचली होती. त्या भाषेचे स्मरण करताना शेली म्हणतो की ती आता मुक्त झालेल्या देशाची भाषा आहे, तुरुंग फोडते आणि ओरडते, ‘माझे नाव लीजन!’ मार्कच्या शुभवर्तमानात हे शब्द एका माणसात शिरलेल्या भुतांच्या फौजेचे आहेत. शेलीने ते उलटवून मुक्त जनतेच्या तोंडी घातले. संदर्भ नुसता ओळखला तर ‘बायबल’ एवढे लिहून सुटाल. उलटवलेला दिसला तर शेलीचे राजकारण, त्याची धर्मावरची चीड आणि शिक्षिकेबद्दलचे ऋण हे तिन्ही एका ओळीत दाखवता येईल.

प्रश्न: लंडनच्या मित्रांची व्यक्तिचित्रे नुसती स्तुती वाटतात.

पुन्हा वाचा. विचारवंत गॉडविन हा शेलीचा सासरा. पैशांसाठी त्याने शेलीला कायम तगादा लावलेला. शेली लिहितो, ‘जो एके काळी गॉडविन होता तो’ तुम्हाला भेटेल. मग त्याला ‘वाईट काळात पडलेला’ म्हणतो. मिल्टनने ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या सातव्या सर्गात हे स्वतःबद्दल म्हटले आहे. एकाच श्वासात खाली ओढले आणि मिल्टनशेजारी बसवले.

कवी कोलरिजची प्रतिमा सर्वांत गाजलेली: मिचमिच्या घुबडांत बसलेला, डोळ्यांवर टोपी चढवलेला गरुड. शेली कोलरिजला कधीच भेटलेला नव्हता. हे चित्र पुस्तकांवरून काढलेले आहे, आणि म्हणूनच त्यात चेहरा नाही, फक्त प्रकाश आणि अंधार आहे: आपल्याच विजेने आंधळे झालेले मन. ज्या ली हंटला, कवी आणि संपादक असलेल्या मित्राला, तो जवळून ओळखत होता त्याच्या वाट्याला मात्र खोली आणि तिच्यातले प्लास्टरचे पुतळे येतात. तपशिलाचे प्रमाण ओळखीच्या प्रमाणात बदलते, हे मोजून पाहण्यासारखे आहे.

हंटला ‘पृथ्वीचे मीठ’ म्हटले आहे. मॅथ्यूच्या शुभवर्तमानातला हा वाक्प्रचार वापरून वापरून गुळगुळीत झालेला. शेली पुढे जोडतो की असे लोक नसते तर या जगाला जसे ते आहे तसाच वास आला असता, थडग्याचा. मिठाने मांस टिकते, सडत नाही. मेलेल्या रूपकात त्याने पुन्हा जीव ओतला, आणि तोही वासाने.

प्रश्न: ‘माणूस लग्न करतो, मरतो किंवा हिंदू होतो’ तेव्हा मित्रांना त्याची खबर लागत नाही, अशी ओळ आहे. हे काय आहे?

शेलीचा कादंबरीकार मित्र पीकॉक याची थट्टा. टॉमस लव्ह पीकॉक १८१९मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला लागला आणि १८२०च्या मार्चमध्ये त्याने एका वेल्श तरुणीशी लग्न केले. मरण सोडले तर दोन्ही गोष्टी त्याला लागू. हिंदुस्थानची हवा आणि त्यात चमकणारा रोहित पक्षी हेही याच नोकरीमुळे आले. भारताविषयी शेलीचे मत म्हणून ही ओळ वाचू नये.

प्रश्न: मेघदूताशी तुलना करता येईल का?

जपून. मेघदूतात यक्षाचा निरोप मेघ नेतो, आणि कविता बरीचशी त्याच्या वाटेची आहे. शेलीला दूत नाही. कागद हाच दूत. मंदाक्रांतेची १७ अक्षरांची संथ चाल आणि इथले धावते यमक यांचाही मेळ नाही. एक गोष्ट मात्र तोलून पाहता येते: दोघेही दूरच्या माणसाभोवतीची जागा मनाने बांधतात. शेली म्हणतो, चंद्र आणि ढग सगळ्याच देशांत सुंदर, पण त्याखाली तुम्हाला लंडनमध्ये काय दिसते? भाड्याच्या गाड्यांचा कळकट अड्डा, राजकीय घोषणांनी पांढरी झालेली विटांची भिंत. आणि मला? न कापलेले धान्य, काजवे, दुरून येणारे शेतकऱ्याचे गाणे, जे ओबडधोबड आहे पण अंतराने गोड झाले आहे. काजव्यांचे निरीक्षण नेमके आहे: उघड्या चांदण्यात ते फिके दिसतात, झाडाखालच्या काळोखात एकेक जण लहानसा सूर्य. मग तो सरळ विचारतो, बोला, इटली की लंडन?

प्रश्न: कागदी होडी, समुद्र, आणि शेवटी मिल्टनच्या ‘लिसिडस’ची ओळ, जी बुडून मेलेल्या मित्रावरच्या विलापिकेतली आहे. शेलीला स्वतःच्या मरणाची चाहूल लागली होती असे म्हणावे का?

म्हणू नये. शेली बुडाला ८ जुलै १८२२ला, हे पत्र लिहिल्यावर दोन वर्षांनी. आपल्याला शेवट ठाऊक असतो म्हणून प्रत्येक होडीत तो दिसू लागतो. पत्रात होडी आहे ती हेन्रीच्या आगबोटीमुळे.

मरणाचा उल्लेख मात्र पत्रात आहे, आणि तो कुठे कुठे आहे हे दाखवावे. पहिल्याच ओळींत कफन आहे. चहा पिऊन आधी कोण मेले हे पाहायला ‘आपण जिथे कुठे असू तिथे’ नाणे उडवू, असा विनोद आहे. आणि कवितेच्या मध्यावर, वादळाचे वर्णन संपता संपता, ‘तुम्ही इथे नाही!’ हे वाक्य येते. तिथे स्मृती नावाची विलक्षण जादूगारीण रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवते. आपण पुन्हा भेटू का, असे विचारले तर ती म्हणते, मला फक्त मागचे कळते, पुढचे माझ्या बहिणीला, आशेला विचार. शेली आशेकडे जात नाही, तिची खोटी भाकिते त्याला पाठ आहेत. तो स्मृतीकडेच परत वळतो आणि जुने दिवस मोजू लागतो. भीती असलीच तर न भेटण्याची आहे.

म्हणूनच शेवटची ओळ नीट वाचायची. पुढचा हिवाळा माझ्याकडे काढा, पुस्तके असतील, टस्कनीच्या राज्यकर्त्या ग्रँड ड्यूकच्या रानातल्या लाकडांची शेकोटी असेल, कळ्या-फुले येईतो गप्पा चालतील. मग निरोप घ्यावाच लागेल, तो पुन्हा भेटण्यासाठी. त्या जागी मिल्टनची ओळ येते: ‘उद्या नवी राने, नवी कुरणे’. मूळ विलापिकेत शोक आटोपून मेंढपाळ उठतो आणि चालू लागतो, तेव्हाची ती ओळ. शेलीने विलाप मागे ठेवला आणि उठून चालणे तेवढे घेतले. मिल्टनकडे या ओळीचे यमक ‘ब्लू’शी जुळते. शेलीने ती ‘रिन्यू’शी जुळवली, म्हणजे ‘पुन्हा नवे करणे’ याच्याशी.